माफ काय आणि लागू काय? बिननंबरच्या गाड्यांविषयी थोडं

आज आपण गाडीच्या नंबरविषयी बोलणार आहोत. विषय पुरुषांचा वाटेल, पण गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकीत हिशेबाची वही बंद झाली की हाच प्रश्न निघतो. "ही गाडी बिननंबरची चालते म्हणे. लायसनही लागत नाही. घ्यावी का?" कुणाला सकाळी दूध डेअरीवर पोचवायचं असतं, कुणाला पापड-मसाला आठवडी बाजारात न्यायचा असतो, कुणाची लेक कॉलेजला तीन किलोमीटर चालत जाते. घरात मोटारसायकल असते, पण ती दारात असली तरी आपल्या हातात नसते. ती मालकासोबत सकाळीच निघून जाते. म्हणून कागदपत्राची कटकट नसलेली, कमी खर्चाची, बाईला चालवता येईल अशी गाडी हवी, हे आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे.

अशा गाड्या खरंच आहेत का? आहेत. पण दुकानदार ज्याला ज्याला "माफ आहे" म्हणतो, ते सगळं माफ नसतं. कर्जमाफीच्या वेळी आपण हे अनुभवलंय. कुणाचं व्याज माफ झालं, कुणाचं थकीत माफ झालं, आणि मुद्दल माफ झालं असं समजून जी बसून राहिली तिला पुढे बँकेची नोटीस आली. गाडीचंही तसंच आहे. गाडीला चार वेगवेगळ्या माफ्या असतात. एक नोंदणीची, म्हणजे नंबर प्लेट आणि आरसी बुकाची. दुसरी चालवण्याच्या परवान्याची, ज्याला आपण लायसन म्हणतो. तिसरी कराची आणि फीची. चौथी परमिटची, म्हणजे भाड्याने माणसं किंवा माल नेण्याच्या परवानगीची. तिसरी किंवा चौथी माफी असलेली गाडी पहिल्या माफीची म्हणून विकली जाते. सगळा घोळ इथेच होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. देशात मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. तो म्हणतो, मोटार वाहन रस्त्यावर आणायचं तर त्याची नोंदणी हवी, चालवणाऱ्याकडे परवाना हवा आणि निदान समोरच्याचा, म्हणजे ज्याला आपल्या गाडीमुळे इजा होईल त्याचा, विमा हवा. ही तिन्ही बंधनं एकाच शब्दाला बांधलेली आहेत: मोटार वाहन. म्हणून एखादी वस्तू कायद्याच्या भाषेत मोटार वाहनच नसेल, तर तिन्ही बंधनं आपोआप गळतात.

मोटार वाहन काय नाही, हेही कायद्यात लिहिलं आहे. रुळावरून चालणारं वाहन नाही. फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आत वापरायला बनवलेलं खास वाहन नाही. चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन नाही. आता 25 सीसीचं इंजिन म्हणजे अगदीच छोटं. आपल्या भागात एके काळी घरोघरी लूना होती, ती बहुतेक 50 सीसीची. दिसायला सायकलसारखी, पायडल मारून सुरू व्हायची, तरी तिला नंबर होता. गावात अनेक जण तिला सायकलच समजून लायसनशिवाय फिरले, पण कायद्याने ती तेव्हाही मोटार वाहनच होती. म्हणजे हा गैरसमज काही आजचा नाही.

साधी सायकल, हातगाडा, बैलगाडी यांना इंजिनच नाही, त्यामुळे आरटीओचा प्रश्न येत नाही. जुन्या बायकांना आठवत असेल, नगरपालिकेच्या गावात सायकलला कर असायचा आणि पत्र्याचा बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकाची हवा सोडायचा. आता ते दिवस गेले.

बैलगाडीविषयी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण वसमत भागातल्या बऱ्याच बहिणी ऊसतोडीच्या टोळ्यांत असतात. बैलगाडीला नंबर नाही, पण नियम नाही असं समजू नका. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी 12 ते 3 बैल जुंपायचे नाहीत. आपल्याकडे मार्चपासूनच पारा कुठे जातो ते सांगायला नको. बैलांना हा नियम आहे, टोळीतल्या बाईला नाही, हे मनात येतंच, पण तो विषय वेगळ्या दिवशी घेऊ. रात्री उसाची गाडी रस्त्यावर असेल तर मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरी, वारंगा करत नांदेडला जाणारा रस्ता आता रुंद झाला आहे आणि त्यावरून मागून येणारी गाडी फार वेगात येते.

आता मुख्य गोष्ट, बॅटरीची सायकल किंवा बॅटरीची छोटी गाडी. बिननंबरची म्हणून सध्या सर्वात जास्त हीच विकली जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची व्याख्या आहे. काही अटी पूर्ण झाल्या तर ती गाडी मोटार वाहन समजली जात नाही. मोटरची ताकद पाव किलोवॅटच्या, म्हणजे 250 वॅटच्या आत हवी. गाडीचा जास्तीत जास्त वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी बाजूला काढून गाडीचं वजन 60 किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पायडलवाली सायकल असेल तर मोटर फक्त मदतीला. वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे, 25 ला पोचताच किंवा पाय थांबताच ती बंद पडली पाहिजे.

आणि यांच्याही वर एक अट आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. हे सगळं सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून तसं प्रमाणपत्र दिलेलं हवं. अशा संस्था लांब नाहीत. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक, अहिल्यानगरची व्हीआरडीई दुसरी. कंपनी आपलं मॉडेल तिथे पाठवते, तिथे मोटर आणि वेग मोजतात, मग प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे गाडीला सूट आहे की नाही हे दुकानदाराच्या तोंडावर ठरत नाही, पोलिसाच्या मर्जीवरही ठरत नाही. ते त्या कागदावर ठरतं. कागद नसेल तर गाडी कितीही हळू चालो, तिला सूट आहे असं धरता येत नाही.

म्हणून दुकानात गेलात की आधी रंग बघू नका. आधी म्हणा, "दादा, या मॉडेलचं चाचणी संस्थेचं सर्टिफिकेट दाखवा." त्यावर मॉडेलचं जे नाव आहे तेच गाडीवर आणि बिलावर आहे का ते पाहा. मोटरवर वॅटचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर आकडा तर वाचता येतो. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. एकटीला दुकानदार "ताई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणतो, तिघींना म्हणत नाही. आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन ती गाडीच्या डिकीत नाही तर पिशवीत कायम ठेवा. रस्त्यात कुणी थांबवलं तर आपल्याकडे दाखवायला दुसरं काहीच नसतं, ना आरसी, ना नंबर. तोच एक कागद आपल्या बाजूने बोलतो.

आता पुढचा भाग नीट ऐका. एका गावात आम्ही बैठकीला गेलो होतो. तिथल्या एका बाईंनी नवी बॅटरीची गाडी दाखवली. म्हणाल्या, "आधी लईच हळू पळत होती, चढावर दम टाकायची. मग दुकानदारानं एक वायर तोडून दिली. आता बघा, चाळीसनं पळते." त्या खुशीत होत्या आणि आमच्या पोटात गोळा आला. कारण ती वायर तुटली त्या क्षणी त्यांची सायकल कायद्याने मोटार वाहन झाली. ज्या अटीवर सूट होती ती अटच मोडली. आता तीच गाडी बिननंबरची मोटार, बिनविम्याची मोटार, आणि चालवणारी बिनलायसनची.

हा प्रकार इतका वाढला की मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाईक तपासून कारवाई करायला आरटीओंना सांगितलं होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड किती वाढले आहेत तेही माहीत असू द्या. लायसनशिवाय चालवलं तर 5 हजार. नोंदणीशिवाय पहिल्या वेळी 2 ते 5 हजार. विमा नसेल तर 2 हजार. आणि नोंदणी नसलेली गाडी पोलीस अडकवून ठेवू शकतात. गटातून 40 हजारांचं कर्ज काढून घेतलेली गाडी ठाण्याच्या आवारात उन्हात उभी, आणि हप्ता मात्र दर महिन्याला गटात भरायचा, असं चित्र डोळ्यासमोर आणा. दुकानदार तेव्हा फोन उचलत नाही. वायर तोडल्याचं त्याने बिलावर कुठे लिहिलेलं असतं?

लेकरांच्या हातात देताना तर दहा वेळा विचार करा. खरोखर सूट असलेली ई-सायकल पंधरा वर्षांच्या मुलीने चालवली तर मोटार वाहन कायद्याची वयाची अट तिला लागत नाही. पण गाडीचा वेग वाढवलेला असेल, तर ते अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवणं होतं. त्यासाठी कायद्यात 199 अ हे कलम आले आहे. त्याची शिक्षा आई-बापाला किंवा गाडीच्या मालकाला. 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. गाडी गटाच्या कर्जातून बाईच्या नावावर घेतलेली असते, म्हणजे मालक कोण? ती बाईच.

शाळकरी मुलींसाठी आमचं मत विचाराल तर साधी सायकल बरी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत येण्याजाण्यासाठी सायकलीचं अनुदान मिळतं आणि आपला हिंगोली जिल्हा त्यात आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. साध्या सायकलीला वॅट नाही, वायर नाही, चार्जिंगला लाईट नाही म्हणून अडायचं नाही.

अपंग बहीण-भावांची तीनचाकी सायकल हाताने चालणारी असेल तर तिलाही काही लागत नाही. बॅटरीची असेल तर वरचंच माप लावायचं. पण स्कूटरला मागे जादा दोन चाकं लावून अपंग व्यक्तीसाठी जी गाडी तयार करतात, तिला मात्र नोंदणी आणि लायसन दोन्ही लागतं. तिची वेगळी नोंद आरटीओत होते.

मोठ्या बॅटरीच्या स्कूटरवर फार वेळ घालवत नाही. हिरव्या रंगाची नंबर प्लेट रस्त्यावर दिसते ना, तीच ती. तिला नोंदणी लागते, लायसन लागतं, विमा लागतो, हेल्मेट लागतं. माफ काय? ऑगस्ट 2021 पासून नोंदणीची फी माफ आहे आणि राज्याने करातही सवलत दिली आहे. म्हणजे ही तिसऱ्या प्रकारची माफी. "इलेक्ट्रिकला आरटीओ नाही" हे वाक्य इथूनच निघालं आणि गावोगाव पसरलं. ई-रिक्षाचंही तसंच. तिला परमिट माफ आहे, पण नंबर, लायसन आणि विमा माफ नाही. गटाने मिळून ई-रिक्षा किंवा मालाची ई-गाडी घ्यायचा विचार असेल तर कर्जाच्या रकमेत विम्याचे पैसे आणि चालवणारीच्या लायसनचा खर्च आधीच धरा. शिकाऊ लायसनचा अर्ज आता परिवहनच्या वेबसाइटवर आधार कार्ड जोडून घरून करता येतो, परीक्षाही तिथेच देता येते. पक्क्या लायसनसाठी मात्र गाडी चालवून दाखवावी लागते. त्यासाठी हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात किंवा तालुक्याला शिबिर असेल तेव्हा तिथे जा.

आता ट्रॅक्टर. हे सांगताना आम्हाला जड जातं, पण सांगितलंच पाहिजे.

ट्रॅक्टर शेतीचा आहे म्हणून त्याला सगळं माफ, असं आपल्याकडे सरसकट समजतात. माफ काय आहे? फक्त शेतीसाठी वापरला जाणारा असेल तर करात सूट. बस. ट्रॅक्टर मोटार वाहन आहे. त्याला नंबर लागतो, चालवणाऱ्याला लायसन लागतं, विमा लागतो. इतकंच नाही, मागची ट्रॉलीही कायद्याने वेगळं वाहन आहे, तिलाही वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर लागतो. गावातल्या किती ट्रॉल्यांवर नंबर आहे ते उद्या सकाळी जाता-येता मोजून पाहा.

आणि ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय दुसऱ्या कुणाला बसवू नये असा नियम आहे. तरी हळद काढणी, सोयाबीन, कापूस, कुठलंही काम असो, आपण बाया ट्रॉलीतच जातो. मुकादम ट्रॉली पाठवतो, दुसरी गाडी नसते, आणि रोज बुडवायला कुणाला परवडतं?

4 एप्रिल 2025 ची सकाळ कुणी विसरली नसेल. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया शेतातल्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. सात जणी गेल्या. त्यांच्यात पोरीबाळी होत्या, लेकरांच्या आया होत्या. त्या ट्रॅक्टरच्या कागदपत्रांविषयी आम्ही इथे काही बोलत नाही, तो तपासाचा भाग. पण त्या दिवसानंतर अनेक गटांत एकच प्रश्न आला: ट्रॉलीतून जाताना आपल्याला काही झालं तर भरपाई कोण देतं?

याचं सरळ उत्तर असं. मोटार वाहनाने अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. चूक कुणाची हे न ठरवताही मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागण्याची तरतूद कायद्यात आहे. हे पैसे गाडीच्या मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. पण ट्रॉलीत माणसं बसलेली असली की विमा कंपनीचा पहिला आक्षेप तोच असतो: ही मालाची गाडी, यात माणसांचा विमा आम्ही उतरवलेलाच नव्हता. मग दावा मालकावर येतो. मालक म्हणजे कोण? आपल्याच गावातला, कधी आपल्याच भावकीतला दोन-चार एकरवाला. त्याच्याकडून कोर्टाने देववलेले लाखो रुपये वसूल करायला किती वर्षं जातील, ते आपल्याला कळतं. गुंजच्या वेळी सरकारने मदत जाहीर केली, पण मोठी दुर्घटना झाली तरच अशी मदत जाहीर होते. ट्रॉलीतून एकटी पडून कंबर मोडलेल्या बाईसाठी कुणी काही जाहीर करत नाही.

"मग काय कामाला जायचं नाही का?" असं विचाराल. जायचंच. पण रोजाचा भाव ठरवताना आपण दोन तास घासाघीस करतो, तेव्हा आणखी एक वाक्य बोलायचं: न्यायला कोणती गाडी येणार? दहा-बारा जणी असतील तर प्रवासी नंबर असलेला ऑटो किंवा जीप ठरवून त्याचं भाडं मुकादमाने आणि शेतमालकाने किती द्यायचं हे आधीच बोलून घ्यायचं. कळमनुरी भागातल्या काही टोळ्यांनी हे सुरू केलं आहे. भाडं डोईवर थोडं बसतं, पण सगळ्या जणी एकदम म्हणाल्या की मुकादम ऐकतो, कारण हळदीच्या सुगीत त्याला बाया मिळत नाहीत. एकट्या-एकट्या म्हणाल्या तर तो दुसरीला बोलावतो.

आता पुन्हा त्या सूट असलेल्या सायकलीकडे येऊ. कारण तिची एक बाजू राहिली, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

नंबर नाही, विमा नाही, म्हणून खर्च वाचला. खरंय. पण विमा नाही याचा दुसरा अर्थ, आपल्या मागे उभं राहणारं कुणी नाही. समजा, सूट असलेल्या ई-सायकलीने आपण जाताना एखादी म्हातारी आडवी आली, तिचा पाय मोडला. मोटार असती तर विमा कंपनीने पैसे दिले असते. इथे दवाखान्याचा खर्च आपल्यालाच भरावा लागतो. नोंदणी माफ आहे, जबाबदारी माफ नाही.

उलट बाजूही आहे, ती ऐकून बरं वाटेल. आपण सायकलीवर असताना ट्रकने किंवा जीपने ठोकर दिली, तर आपल्याकडे लायसन नव्हतं म्हणून आपला हक्क जात नाही. आपल्याला ते लागतच नव्हतं. त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येते. ठोकर मारून गाडी पळून गेली आणि नंबर कुणालाच कळला नाही, तरीही केंद्राच्या योजनेतून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. त्याचा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पण अपघात झाल्याबरोबर पोलिसांत नोंद आणि पंचनामा झाला तरच. "जाऊ द्या, फार लागलं नाही" म्हणून घरी येऊन हळद लावून झोपलात आणि तिसऱ्या दिवशी पाय सुजला, तर कागद कुठून आणायचा? मात्र वेग वाढवलेली गाडी असेल तर इथेही समोरचा वकील आपल्याच गाडीवर बोट ठेवणार, हे धरून चाला.

चोरीचंही ध्यानात ठेवा. नंबरची गाडी चोरीला गेली तर नंबरावरून शोध होतो. बिननंबरच्या गाडीची ओळख म्हणजे सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि मोटरवरचा क्रमांक. हे दोन्ही बिलावर लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि गटाच्या कर्ज रजिस्टरमध्ये त्या बाईच्या पानावर उतरवून ठेवा. कच्च्या चिठ्ठीवर गाडी घेऊ नका. जुनी गाडी घेत असाल तर पहिल्या मालकाचं बिल आणि त्याची सही असलेली पावती, दोन्ही मागून घ्या. आरसी नसल्यामुळे गाडी आपली आहे हे सांगणारा दुसरा पुरावा नसतो.

आणि गाडीचा विमा उतरत नसला तरी आपला स्वतःचा उतरवता येतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला फक्त 20 रुपये. 18 ते 70 वर्षांपर्यंत कुणीही, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं असलं की झालं. अपघातात मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय गेले तर 2 लाख, एक डोळा, एक हात वा एक पाय गेला तर 1 लाख. सायकल असो, बैलगाडी असो, ट्रॉली असो, हा विमा माणसाचा आहे. फॉर्म एकदा भरला की दरवर्षी खात्यातून पैसे आपोआप कापले जातात. घोटाळा इतकाच होतो की त्या वेळी खात्यात 20 रुपयेही नसतात आणि विमा गपचूप बंद पडतो. वर्ष 1 जूनपासून सुरू होतं. तेव्हा मे महिन्याच्या बैठकीला सगळ्यांनी पासबुकं भरून आणायची, मागच्या वर्षीची 20 रुपयांची नोंद दिसते का ते सचिवांनी प्रत्येकीच्या पानावर बोट ठेवून पाहायचं, आणि जिची दिसत नाही तिला 31 मेच्या आत बँकेत पाठवायचं.